विश्लेषण : उतारवयात स्नायू लवकर भरून का येत नाहीत? दोष मूलपेशींचा की त्यांच्या शेजाऱ्यांचा?

पंचविशीतल्या मुलाच्या मांडीचा स्नायू खेळताना फाटला तर काही आठवड्यांत तो पुन्हा मैदानात दिसतो. तशीच दुखापत सत्तरीतल्या माणसाला झाली, किंवा खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्याला तीन आठवडे पडून राहावं लागलं, तर पायातली गेलेली ताकद परत यायला कित्येक महिने जातात. अनेकदा ती पूर्ण परत येतच नाही. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं, ही म्हण उतारवयात जास्तच खरी ठरते.

असं का होतं, याचं एक सोपं उत्तर सध्या मोबाइलवर सतत दिसतं. स्नायूंची दुरुस्ती मूलपेशी म्हणजे स्टेम सेल करतात, वयानुसार त्या म्हाताऱ्या होतात, म्हणून बाहेरून नव्या मूलपेशी टोचून घ्या, असं सांगणाऱ्या जाहिराती आणि रील्स फिरत असतात.

ऐकायला हे पटण्यासारखं आहे. पण गेल्या ३५ वर्षांतलं संशोधन पाहिलं तर चित्र इतकं सरळ नाही. मूलपेशी एकट्या राहत नाहीत. त्यांच्या आजूबाजूला इतर अनेक प्रकारच्या पेशी असतात. म्हातारपणाचा दोष मूलपेशीत किती आणि तिच्या शेजारात किती, हे आधी ठरवावं लागतं. त्यासाठी शास्त्रज्ञांना या पेशी स्नायूतून एकेक करून वेगळ्या काढाव्या लागतात. हे काम कसं चालतं आणि त्यातून आजवर काय हाती लागलं आहे?

स्नायूतल्या मूलपेशी म्हणजे काय?

स्नायू म्हणजे लांब तंतूंचा जुडगा. प्रत्येक तंतू ही एकच मोठी पेशी असते, पण तिच्यात शेकडो केंद्रकं असतात. हा तंतू फाटला तर तो स्वतःचं विभाजन करून नवा तंतू बनवू शकत नाही. ते काम त्याला चिकटून बसलेल्या छोट्या पेशी करतात.

१९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये अलेक्झांडर मॉरो हे बेडकाच्या पायाचे स्नायू इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहत होते. तंतूचं आवरण आणि त्याच्या बाहेरचा पातळ पापुद्रा यांच्यामधल्या फटीत त्यांना या पेशी दिसल्या. ग्रहाच्या कडेला उपग्रह असावा तशा त्या तंतूच्या कडेला होत्या, म्हणून त्यांचं नाव 'सॅटेलाइट सेल' पडलं.

प्रौढ स्नायूतल्या एकूण केंद्रकांपैकी साधारण २ ते ७ टक्केच केंद्रकं या पेशींची असतात. एरवी त्या निद्रिस्त असतात. स्नायूला इजा झाली की जाग्या होतात, दुणावत जातात आणि एकमेकींत मिसळून नवे तंतू तयार करतात. त्यातल्या काही पुन्हा झोपी जातात, म्हणजे पुढच्या वेळेसाठी साठा शिल्लक राहतो.

त्यांची ताकद किती, हे २००५ मध्ये लंडनमधल्या एका प्रयोगात दिसलं. उंदराचा एकच तंतू, त्यावरच्या जेमतेम सात सॅटेलाइट पेशींसह, दुसऱ्या उंदराच्या स्नायूत बसवण्यात आला. त्यातून शंभराहून जास्त नवे तंतू तयार झाले.

मग शेजारी कोण?

मूलपेशीच्या भोवती बरीच वर्दळ असते. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी अगदी जवळ असतात. इजा झाली की रक्तातून प्रतिकारशक्तीच्या पेशी येतात. त्यातल्या मॅक्रोफेज आधी मेलेल्या तंतूंचा कचरा खाऊन टाकतात आणि मग दुरुस्तीला पोषक असे रासायनिक संकेत सोडतात.

तिसरे महत्त्वाचे शेजारी म्हणजे 'फायब्रो-ॲडिपोजेनिक प्रोजेनिटर', थोडक्यात एफएपी. कॅनडा आणि जपानमधल्या दोन गटांनी २०१० मध्ये स्वतंत्रपणे त्यांची ओळख पटवली. या पेशी स्वतः स्नायू बनवत नाहीत. इजा झाल्यावर त्या वेगाने वाढतात, मूलपेशींना कामाला लागण्याचे संकेत देतात आणि काम झालं की कमी होतात. पण त्यांचं तंत्र बिघडलं तर त्याच पेशींपासून स्नायूत चरबी आणि व्रणासारखे कडक धागे तयार होतात.

म्हणजे दुरुस्तीचं काम एकट्या मूलपेशीचं नाही. घर बांधताना गवंडी एकटा पुरत नाही. मलबा उचलणारे, सामान आणणारे आणि देखरेख करणारे वेळेवर आले नाहीत तर चांगला गवंडीही बसून राहतो.

या पेशी वेगळ्या कशा काढतात?

बहुतेक प्रयोग उंदरांवर होतात. दोन-चार महिन्यांचा उंदीर तरुण आणि २० ते २४ महिन्यांचा म्हातारा समजला जातो.

उंदराच्या मागच्या पायांचे स्नायू काढून कात्रीने अगदी बारीक केले जातात. मग ते कोलॅजिनेज आणि डिस्पेज या विकरांच्या द्रावणात शरीराच्या तापमानाला ठेवतात. पेशींना एकत्र धरून ठेवणारी जाळी ही विकरं तोडतात. उरलेला गाळ बारीक जाळीतून गाळला की सुट्या पेशींचं पाणी हाती येतं. त्यात सगळ्या जातीच्या पेशी मिसळलेल्या असतात.

आता त्यांची निवड करायची. प्रत्येक जातीच्या पेशीच्या पृष्ठभागावर ठरावीक प्रथिनं असतात. रक्तवाहिन्यांच्या पेशींवर सीडी-३१, प्रतिकारशक्तीच्या पेशींवर सीडी-४५, एफएपींवर एससीए-१ आणि मूलपेशींवर व्हीसीएएम-१. या प्रत्येक प्रथिनाला चिकटणारी आणि वेगवेगळ्या रंगात चमकणारी प्रतिपिंडं पाण्यात मिसळतात.

मग हे पाणी फ्लो सायटोमीटर या यंत्रातून थेंबाथेंबाने सोडलं जातं. प्रत्येक पेशी लेझर किरणासमोरून एकेकटी जाते. तिचा रंग पाहून यंत्र त्या थेंबाला विद्युतभार देतं आणि त्याला योग्य नळीत वळवतं. व्हीसीएएम-१चा रंग आहे पण बाकी तिन्ही रंग नाहीत, ती मूलपेशी. अशा प्रकारे एकाच स्नायूतून मूलपेशी आणि त्यांचे शेजारी वेगवेगळ्या नळ्यांत मिळतात.

यामुळे अदलाबदलीचे प्रयोग करता येतात. म्हातारी मूलपेशी तरुण शेजारात ठेवली तर काय होतं? तरुण मूलपेशी म्हाताऱ्या शेजारात ठेवली तर? दोष कोणाचा, हे शोधण्याचा हा सगळ्यात थेट मार्ग.

वेगळं काढण्यातच काही बिघडतं का?

हो, आणि ही या क्षेत्रातली मोठी अडचण आहे.

मूलपेशी मुळात झोपलेली असते. स्नायू कापणं, विकरांत भिजवणं, यंत्रातून पाठवणं, यात काही तास जातात. तेवढ्यात पेशीला वाटतं की स्नायूला इजा झाली आहे, आणि ती जागी व्हायला लागते.

२०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी उंदराच्या स्नायूतल्या मूलपेशींचा अभ्यास करताना दाखवून दिलं, की मूलपेशींचा एक वेगळा उपप्रकार म्हणून जो दिसत होता, तो पेशी सुट्या करण्याच्या प्रक्रियेमुळेच तयार झाला होता. त्याच वर्षी फ्रान्समधल्या एका गटाने आधी स्नायूतच रसायनाने पेशी जशाच्या तशा गोठवल्या आणि मग वेगळ्या काढल्या. तेव्हा त्यांच्यातल्या जनुकांचं चित्र नेहमीपेक्षा बरंच वेगळं दिसलं.

याचा अर्थ आधीचं सगळं संशोधन वाया गेलं, असा नाही. पण 'म्हाताऱ्या मूलपेशीत अमुक जनुक जास्त चालू असतं' असं वाचलं, की तो वयाचा परिणाम आहे की ओढाताणीचा, हा प्रश्न विचारावा लागतो. म्हणूनच आता अनेक गट पेशींऐवजी फक्त त्यांची केंद्रकं वेगळी करून तपासतात किंवा स्नायूचा काप न मोडता त्यातच जनुकं पाहतात.

दोष नेमका कोणाचा निघाला?

शेजाराकडे बोट दाखवणारा एक जुना प्रयोग १९८९चा आहे. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात ब्रूस कार्लसन आणि जॉन फॉकनर यांनी म्हाताऱ्या आणि तरुण घुशींमध्ये स्नायूंची अदलाबदल केली. म्हाताऱ्या घुशीचा स्नायू तरुण शरीरात चांगला भरून आला. तरुण घुशीचा स्नायू मात्र म्हाताऱ्या शरीरात रखडला. स्नायूच्या वयापेक्षा तो ज्या शरीरात आहे त्याचं वय महत्त्वाचं ठरलं. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, तसाच हा प्रकार.

२००५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या थॉमस रँडो यांच्या गटाने एक तरुण आणि एक म्हातारा उंदीर शस्त्रक्रियेने जोडले, म्हणजे दोघांचं रक्त एकच झालं. म्हाताऱ्या उंदराचा स्नायू पुन्हा चांगला भरून येऊ लागला. विशेष म्हणजे दुरुस्ती करणाऱ्या जवळपास सगळ्या पेशी त्याच्या स्वतःच्याच होत्या. तरुण उंदराकडून पेशी आल्या नव्हत्या, आले होते ते रक्तातले संकेत.

इथवर शेजारी आणि वातावरणच दोषी वाटतात. पण २०१४ मध्ये चित्र पालटलं. स्टॅनफर्डच्याच हेलन ब्लाऊ यांच्या गटाने म्हाताऱ्या उंदरांच्या मूलपेशी वेगळ्या काढून तरुण उंदरांत बसवल्या. तरुण शरीर मिळूनही त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश पेशी नीट काम करत नव्हत्या. त्यांच्या आतलीच पी-३८ नावाची संकेतयंत्रणा गरजेपेक्षा जास्त चालू होती. ती औषधाने दाबली आणि पेशी स्नायूइतक्याच मऊ जेलवर वाढवल्या, तेव्हा त्या सुधारल्या. त्याच वर्षी बार्सिलोनातल्या पुरा मुनोझ-कानोव्हेस यांच्या गटाने दाखवलं, की २८ महिन्यांच्या पुढच्या, म्हणजे अतिवृद्ध उंदरांतल्या मूलपेशी निद्रिस्त राहण्याची क्षमताच गमावतात आणि कायमच्या निकामी अवस्थेकडे झुकतात.

मग २०१९ मध्ये पुन्हा शेजाऱ्यांची पाळी आली. स्वित्झर्लंड आणि जर्मनीतल्या शास्त्रज्ञांना आढळलं, की म्हाताऱ्या एफएपी डब्ल्यूआयएसपी-१ नावाचं प्रथिन कमी सोडतात आणि त्यामुळे मूलपेशी मंदावतात. म्हाताऱ्या उंदरांत तरुण एफएपी सोडल्या किंवा ते प्रथिन दिलं, की मूलपेशींचं काम सुधारलं. इथे मूलपेशी बदलली नव्हती, शेजारी बदलला होता.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बार्सिलोनाच्या गटाच्याच दुसऱ्या अभ्यासात इजा झालेल्या स्नायूतल्या 'सेनेसंट' पेशी, म्हणजे विभाजन थांबलेल्या पण दाह वाढवणारे पदार्थ सोडत राहणाऱ्या पेशी, वेगळ्या काढण्यात आल्या. त्यात मूलपेशी, एफएपी आणि मॅक्रोफेज तिन्ही होत्या. त्या काढून टाकल्यावर स्नायू अधिक चांगला भरून आला, आणि तोही म्हाताऱ्याच नव्हे तर तरुण उंदरांतही.

थोडक्यात, आजवरचं उत्तर 'दोन्ही' असं आहे. सुरुवातीच्या म्हातारपणात वातावरणाचा वाटा मोठा असावा आणि अतिवृद्धपणी पेशीच्या आतला बिघाड वाढत जावा, असं अनेक अभ्यासांतून सुचतं.

'तरुण रक्ता'चं पुढे काय झालं?

उंदीर जोडण्याच्या प्रयोगानंतर रक्तातला तो जादूचा पदार्थ कोणता, याचा शोध सुरू झाला. २०१३ आणि २०१४ मध्ये हार्वर्डच्या गटांनी जीडीएफ-११ या प्रथिनाचं नाव पुढे केलं. २०१५ मध्ये नोव्हार्टिस कंपनीच्या शास्त्रज्ञांनी ते खोडून काढलं. त्यांच्या मते वयानुसार ते प्रथिन कमी होत नाही, आणि जास्त दिलं तर स्नायूची दुरुस्ती उलट बिघडते. वाद बरीच वर्षं चालला.

दरम्यान अमेरिकेत तरुणांच्या रक्तातला प्लाझ्मा पैसे घेऊन देणारी केंद्रं निघाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, जाहीर इशारा दिला की याचा फायदा सिद्ध झालेला नाही आणि धोके मात्र आहेत.

२०२० मध्ये बर्कलीतल्या इरिना आणि मायकेल कॉनबॉय यांच्या गटाने म्हाताऱ्या उंदरांच्या प्लाझ्माचा निम्मा भाग काढून त्या जागी फक्त सलाइन आणि अल्ब्युमिन घातलं. तरुण रक्ताचा थेंबही नव्हता. तरी स्नायूंची दुरुस्ती सुधारली. म्हणजे तरुण रक्तात काहीतरी जादू असण्यापेक्षा म्हाताऱ्या रक्तात साचलेलं काहीतरी अडथळा आणत असावं. शास्त्राचं उत्तर असं बदलत असताना बाजाराने मात्र पहिल्याच उत्तरावर दुकान थाटलं होतं.

माणसांबद्दल काय कळलं?

२०२४ मध्ये माणसाच्या म्हाताऱ्या होणाऱ्या स्नायूंचे दोन मोठे 'पेशी-नकाशे' प्रसिद्ध झाले. एकात १५ ते ९९ वर्षं वयाच्या लोकांच्या पायांच्या स्नायूंतली सुमारे ३ लाख ८७ हजार पेशी आणि केंद्रकं तपासली गेली. दुसरा ब्रिटनमधली वेलकम सँगर इन्स्टिट्यूट आणि चीनमधलं सुन यत-सेन विद्यापीठ यांचा. त्यात १७ जणांच्या बरगड्यांमधल्या स्नायूंचे नमुने होते.

या दुसऱ्या नकाशात दिसलं, की वृद्ध मूलपेशींत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेची, म्हणजे रायबोसोमची, जनुकं मंदावलेली असतात. शिवाय आजूबाजूच्या पेशी दाह वाढवणारे संकेत जास्त सोडतात. म्हणजे माणसातही दोष एका ठिकाणी नाही.

भारतातही यावर काम होतं. हैदराबादच्या सीसीएमबीमधल्या ज्योत्स्ना धवन यांनी मूलपेशी निद्रिस्त कशा राहतात, या मूलभूत प्रश्नावर अनेक वर्षं संशोधन केलं आहे.

मूलपेशी संपतात म्हणून स्नायू बारीक होतात का?

जाहिरातींचा सगळा डोलारा याच समजुतीवर उभा आहे. आणि इथेच सगळ्यात अनपेक्षित निष्कर्ष आहे.

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाच्या गटाने तरुण प्रौढ उंदरांतल्या बहुतेक सॅटेलाइट पेशी मुद्दाम नष्ट केल्या आणि ते म्हातारे होईपर्यंत वाट पाहिली. त्यांच्या स्नायूला इजा केली तेव्हा ती भरून आली नाही, हे अपेक्षितच होतं. पण इजा न झालेले स्नायू बाकीच्या म्हाताऱ्या उंदरांपेक्षा जास्त बारीक झाले नाहीत. व्रणासारखे कडक धागे तेवढे वाढले.

म्हणजे दुखापतीनंतर स्नायू भरून न येणं आणि वयानुसार स्नायू हळूहळू बारीक होणं, म्हणजे सार्कोपेनिया, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फाटलेल्या स्नायूला मूलपेशी लागतात. अंथरुणावर पडून, कमी हालचालीने किंवा वयाने झिजलेल्या स्नायूमागे मज्जातंतू, संप्रेरकं, आहार आणि दाह अशी इतर कारणंही असतात. तिथे फक्त मूलपेशी टोचणं म्हणजे चुकीच्या कुलपाला किल्ली लावण्यासारखं आहे.

भारतात नियम काय सांगतात?

आयसीएमआर आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी होणारं बोन मॅरो प्रकारचं प्रत्यारोपण सोडलं, तर मूलपेशींचा इतर वापर प्रायोगिक समजला जातो. तो मान्यता मिळालेल्या क्लिनिकल ट्रायलमध्येच करता येतो, नेहमीचा उपचार म्हणून नाही.

ट्रायल सुरू असेल तर तिची नोंद 'सीटीआरआय' या सरकारी नोंदवहीत असावी लागते. ती वेबसाइटवर कोणालाही फुकट पाहता येते. त्यामुळे कोणी स्नायू तरुण करणारं इंजेक्शन सुचवलं, तर घरच्यांनी दोन प्रश्न विचारावेत. याचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक काय? आणि या पेशी कोणत्या जातीच्या, कुठून काढलेल्या? अशा ठिकाणी टोचल्या जाणाऱ्या पेशी बहुतेकदा चरबीतून किंवा अस्थिमज्जेतून काढलेल्या असतात. वर ज्यांच्याबद्दल वाचलं त्या सॅटेलाइट पेशी त्या नसतात.

मग सध्या हातात काय आहे?

जे आहे ते जुनंच आहे, पण त्यामागचं शास्त्र आता अधिक कळतं. २०२० मध्ये रँडो यांच्या गटाने म्हाताऱ्या उंदरांच्या पिंजऱ्यात पळण्याचं चाक ठेवलं. ते आपखुशीने पळू लागल्यावर काही आठवड्यांत त्यांच्या निद्रिस्त मूलपेशी दुरुस्तीसाठी लवकर जाग्या होऊ लागल्या. तरुण उंदरांत असा परिणाम दिसला नाही.

माणसांतही वयानुसार वेगवान तंतूंभोवतीच्या सॅटेलाइट पेशी कमी होतात. २००९ मध्ये नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात सरासरी सत्तरीच्या पुढच्या पुरुषांनी १२ आठवडे वजनांचा व्यायाम केला. त्यांच्या त्याच तंतूंभोवती या पेशी वाढल्या आणि तंतू जाड झाले. त्याआधी १९९० मध्ये बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दुर्बल रहिवाशांकडून मारिया फियातारोने यांनी आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम करून घेतला होता. पूर्ण कार्यक्रम करणाऱ्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

व्यायाम मूलपेशी आणि शेजार यांच्यात भेद करत नाही. रक्तपुरवठा, दाह, मज्जातंतू आणि पेशी यांवर तो एकाच वेळी काम करतो. कदाचित म्हणूनच एकेका पदार्थाच्या मागे लागलेल्या औषधांपेक्षा तो आजवर पुढे राहिला आहे. अर्थात हृदयविकार, गुडघेदुखी किंवा नुकती शस्त्रक्रिया झालेल्या ज्येष्ठांनी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच सुरुवात करावी.

औषधांचा शोधही थांबलेला नाही. पी-३८ दाबणारी रसायनं, सेनेसंट पेशी काढणारी औषधं, आणि ब्लाऊ यांच्या गटाने २०२१ मध्ये उंदरांत दाखवलेला, १५-पीजीडीएच हे विकर रोखून स्नायूंची ताकद वाढवण्याचा मार्ग, यांवर काम चालू आहे. त्यातलं कोणतं कोणाला उपयोगी पडेल, हे त्या माणसाच्या स्नायूत बिघाड मूलपेशीत आहे, शेजाऱ्यांत आहे की रक्तात, यावर अवलंबून राहील. स्नायूचा तुकडा सुटा करून एकेक पेशी तपासण्याचा खटाटोप चालतो तो यासाठी. आज बाजारात मिळणाऱ्या 'तरुण स्नायू'च्या कोणत्याही इंजेक्शनने ही तपासणी केलेली नसते.